अकरा माणसं, एक सूर्य

आमच्या सासूबाईंना यंदा ८१ वर्षं पूर्ण झाली आणि त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. साडेएकोणतीस दिवसांना एक पौर्णिमा धरली तर १००० पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर दहा महिने लागतात. बँकेत जन्म गेल्यामुळे मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला, आणि तो बरोबर निघाल्यावर मला उगाचच बरं वाटलं. ज्या बाईंनी हजार चंद्र पाहिले, त्यांच्यासोबतचा एक सूर्य मला धडपणे कागदावर उतरवता आला नाही, त्याची ही हकीकत.

मंगल कार्यालयाच्या दाराशी ठेवायला एक फोटो हवा होता. “फ्लेक्स नको,” बायकोने सुरुवातीलाच बजावलं. “फ्लेक्सवर आई नगरसेविका वाटेल. चांगला फ्रेम केलेला फोटो हवा, सगळ्या कुटुंबाचा.” आता आमच्या सासरचं सगळं कुटुंब एका ठिकाणी, एका वेळी आणि एकमेकांशी बोलत असताना सापडणं ही सहस्रचंद्रदर्शनाहून दुर्मिळ गोष्ट. तो योग गेल्या नाताळच्या सुट्टीत गुहागरला आला होता, आणि तिथे सगळ्यांचा मिळून एकच फोटो निघाला होता.

तो तिने मोबाइलवर उघडून माझ्या नाकासमोर धरला. मागे केशरी आकाश, त्याखाली चमचमता समुद्र, मधोमध सूर्य. आणि त्याच्यापुढे, वखारीबाहेर रचून ठेवावीत तशी, कोळशाची अकरा पोती.

“यात आई कुठली?” मी विचारलं.

“मधली.”

“आणि मी?”

बायकोने फोटो मोठा केला, डावीकडून उजवीकडे नेला, उजवीकडून डावीकडे आणला आणि म्हणाली, “हे पोट बघा.”

फोटो तेव्हाच कुटुंबाच्या ग्रुपवर पडला होता. खाली बेळगावच्या एका मामेसासऱ्यांनी लिहिलं होतं, ‘सूर्य सुरेख आलाय. सोबत कोण आहे?’

हा फोटो काढला आमच्या थोरल्या साडूंनी. निवृत्तीनंतर काही माणसं अध्यात्माकडे वळतात, काही शेअर बाजाराकडे आणि उरलेली कॅमेरा घेतात. तिन्हींत पैसे जातात, पण कॅमेऱ्यात पाठही जाते. साडूंच्या पिशवीत कॅमेरा, दोन लेन्सा, तिवई, पुसायची फडकी, फुंकर मारायचा रबरी फुगा आणि एक विजेरी असा संसार असतो. गुहागरला जाताना कुंभार्ली घाटात पोरांना उलट्या झाल्या, तेव्हा त्यांनी आधी पिशवी उचलून वर धरली आणि मग पोरांकडे पाहिलं.

त्या सहलीत साडूंची एक महत्त्वाकांक्षा होती. समुद्राचं क्षितिज स्वच्छ असेल तर सूर्याचा शेवटचा तुकडा बुडताना क्षणभर हिरवा दिसतो. हवा लोलकासारखी उजेड वाकवते आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकवते, म्हणून शेवटी हिरवा मागे राहतो. सगळा कारभार सेकंद-दोन सेकंदांचा. ज्यूल व्हर्नने १८८२ साली त्यावर अख्खी कादंबरी लिहिली. ही माहिती साडूंनी आम्हाला चिपळूणच्या आधी एकदा आणि चिपळूणनंतर एकदा दिली. सहा वर्षं ते या हिरव्या ठिणगीच्या मागावर होते आणि दरवेळी आयत्या वेळी ढग आडवे आले होते.

त्या दिवशी ढग नव्हते, पण नातेवाईक होते.

सूर्य सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी बुडणार होता. साडेपाचलाच सुरूच्या बनातून आमची वरात किनाऱ्यावर पोचली. सासूबाईंचं कानाचं मशीन वाळू जाईल म्हणून खोलीवर ठेवलं होतं. खुर्ची मिळेना, तेव्हा एका भेळवाल्याने प्लास्टिकचं स्टूल दिलं. त्यावर त्यांना मधोमध बसवलं, पुढे वाळूत दोन पोरं बसवली, आणि मग उरलेल्या आठ जणांनी कुणी कुणाशेजारी उभं राहायचं यावर चर्चा सुरू झाली. मेहुण्याच्या बायकोला आमच्या हिच्याशेजारी नको होतं, हिला तिच्याशेजारी नको होतं, आणि दोघींना हे बोलून दाखवायचं नव्हतं. त्यामुळे मी आणि मेहुणा दोघींच्या मध्ये भिंतीसारखे घातले गेलो.

सूर्याची थाळी क्षितिजाला टेकली की पूर्ण बुडायला आपल्याकडे सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. खरं म्हणजे टेकलेला दिसतो तेव्हाच तो हिशेबाने बुडून गेलेला असतो, हवेने वाकवलेल्या उजेडात आपण त्याचं नुसतं चित्र बघत असतो. आमच्या मेहुण्याचं असंच आहे. “निघालो” असा फोन येतो तेव्हा तो अंघोळीला गेलेला असतो. तर त्या अडीच मिनिटांत पोरांनी एकमेकांवर वाळू उडवली, धाकट्या मेहुणीची ओढणी धाकट्या साडूंच्या तोंडावर गेली, वारा सुटला, लाटांचा आवाज वाढला आणि थोरले साडू दहा पावलांवरून बेंबीच्या देठापासून ओरडले, “इकडे बघा! सूर्य काय रोजच मावळतो, माझ्याकडे बघा!”

कॅमेरा खाटकन वाजला. साडूंनी मागच्या पडद्यात पाहिलं. उजेडात त्यांना काहीच दिसलं नाही, म्हणून ते “मस्त!” म्हणाले. तोवर सूर्य गेला होता आणि पोरं भेळेकडे.

आता यात साडूंची चूक किती आणि कॅमेऱ्याची किती, याचा मी गेले दोन महिने अभ्यास केला आहे. बायकोने सोपवलेलं काम, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. तर माझं मत असं की कॅमेरा हा स्वभावाने पक्का मध्यमवर्गीय प्राणी आहे. त्याच्या पोटात उजेड मोजायचा मीटर असतो, आणि त्या मीटरची समजूत अशी की जग एकूण सरासरी आहे, पडेल त्या उजेडातला साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं, करड्या रंगाचं. पांढरी गाय दाखवली की तो म्हणतो, हे जरा अतीच होतंय, आणि तिला करडी करतो. काळी म्हैस दाखवली की म्हणतो, बिचारीचं कसं होणार, आणि तिलाही करडी करतो. एरवी हे धोरण खपून जातं. पण चौकटीत मधोमध सूर्यच येऊन बसला की श्रीमंत व्याही अचानक दारात उभा राहिल्यासारखी त्याची तारांबळ उडते. त्या एका पाहुण्याच्या सरबराईसाठी तो घरातले बाकीचे सगळे दिवे मालवतो. सूर्याचं छान होतं. घरचे अंधारात बसतात.

यावर उपाय आहे आणि तो साडूंच्या कॅमेऱ्यावर उजव्या अंगठ्याजवळ आहे. एका बटणावर अधिक-उण्याची खूण असते. ते दाबून अधिककडे नेलं की कॅमेऱ्याला सांगता येतं, बाबा रे, घाबरू नकोस, उजेड थोडा जास्त घे. साडूंनी त्या बटणाला सहा वर्षांत हात लावला नव्हता. ते बॅटरीचं असावं, असं त्यांना वाटत होतं.

या अधिक-उण्याचं माप म्हणजे ‘स्टॉप’. एक स्टॉप पुढे गेलं की उजेड दुप्पट, दोन स्टॉपना चौपट, तीनला आठपट. एसटीचं तिकीट या हिशेबाने वाढत असतं तर आम्ही पाटणच्याही पुढे गेलो नसतो. आमच्या अकरा तोंडांना दोन-तीन स्टॉप सहज लागले असते. पण मग तिकडे आकाशाचं धुतलेलं धोतर झालं असतं. सूर्य, केशरी रंग, समुद्रावरची सोनेरी वाट, सगळं पांढरं फटक. म्हणजे सूर्य ठेवा नाहीतर सासर ठेवा. कॅमेऱ्याने हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं ते इथे लिहीत नाही, हा लेख घरात वाचला जातो.

आपल्या डोळ्याला हे दोन्ही एकदम दिसतं, हीच सगळी गोची आहे. सूर्यापुढे उभ्या बायकोचा चेहराही दिसतो आणि मागचं आकाशही. डोळा क्षणाक्षणाला बाहुली लहानमोठी करतो, इकडून तिकडे फिरतो आणि मेंदू आत बसून दोन्हींचं जुळवून घेतो. बत्तीस वर्षांच्या संसारात तो यात तरबेज झालेला असतो. कॅमेऱ्याकडे असा मेंदू नाही. त्याला एका खटक्यात काय ते ठरवायचं असतं.

आमच्या वडिलांच्या पिढीत हा प्रश्न नव्हता. त्या काळी एकच कायदा होता, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा. रिळाचे पैसे पडायचे, ३६ फोटोंच्या रिळात ३७वा निघाला तर घरात पेढे वाटायचे बाकी राहायचं, तिथे धोका कोण पत्करणार? त्यामुळे ज्याचा फोटो काढायचा त्याला रणरणत्या उन्हाकडे तोंड करून उभं करत. आमच्या घरच्या जुन्या अल्बममधले यच्चयावत पूर्वज कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून, कुणाच्या तरी जिवावर उठल्यासारखे उभे आहेत. पणतवंडांना वाटतं, काय करारी माणसं होती! करारी कसली, डोळ्यांत ऊन जात होतं.

फ्लॅशचं म्हणाल तर तो साडूंनी उडवला होता. पण कॅमेऱ्याच्या कपाळावरचा तो इवलासा फ्लॅश चार पावलांपलीकडे कुणाचं भलं करू शकत नाही. दहा पावलांवरच्या अकरा माणसांना त्याने उजळवावं ही अपेक्षा म्हणजे निरांजन घेऊन गुहागरच्या व्याडेश्वराच्या देवळाचं अख्खं आवार शोधण्यासारखी. जवळ दोन माणसं असती तर मात्र तो उपयोगाचा ठरतो. सूर्य मागे असतानाच फ्लॅश मारायचा असतो, हे ऐकून आमच्या हिला धक्का बसला. “भर उजेडात? लाइटबिल काय कमी येतं?”

तर मूळ काम. भाच्याने माझ्या फोनवर फोटो सुधारायचं ॲप टाकून दिलं आणि मंत्र सांगितला, “काका, हायलाइट्स खाली, शॅडोज वर. बाकी कशाला हात लावू नका.” हायलाइट्स म्हणजे चित्रातला झगझगीत भाग, शॅडोज म्हणजे अंधारातला. एकाला दाबायचं, दुसऱ्याला उचलायचं. पंचवार्षिक योजनांचा सारा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहिला. रात्री जेवण झाल्यावर मी शॅडोजची पट्टी धरली आणि हळूहळू शंभरपर्यंत नेली.

पोत्यांना चेहरे फुटू लागले! आधी मेहुण्याचा चष्मा आला, मग थोरल्या मेहुणीची, म्हणजे ताईंची टिकली, मग माझी मिशी. विहिरीचा गाळ उपसताना हरवलेली भांडी वर यावीत तसे एकेक नातेवाईक वर येत होते. मात्र गाळासकट. गाल हिरवट, हनुवटी जांभळट, आणि सगळ्यांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखे ठिपके. कॅमेऱ्याने अंधारात जे पाहिलंच नव्हतं ते मी त्याच्याकडून वदवून घेत होतो, आणि धाक दाखवून वदवून घेतलेल्या जबानीसारखा तो वाटेल ते सांगत होता.

भाच्याचं ऐकून तिथे थांबलो असतो तर बरं. पण समोर आणखी पंधरा पट्ट्या होत्या. एक ओढली, तर सगळ्यांच्या कडेने उजेडाची रेघ उमटली आणि अकराही जण प्रभावळीसह संतपदाला पोचले. दुसरी ओढली, तर आकाशाचा केशरी रंग उतू जाऊन माणसांवर आला आणि आमचं कुटुंब शेंदूर फासलेल्या मारुतींची रांग दिसू लागलं. रात्री दीड वाजता तो फोटो मी ग्रुपवर टाकला आणि समाधानाने झोपलो.

सकाळी सत्तावीस निरोप होते. ताईंचं म्हणणं, त्यांचा चेहरा इतरांपेक्षा कमी उजळला आहे आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. धाकट्या मेहुणीला पूर्वीचं काळं पोतंच बरं वाटत होतं, कारण पोत्याला दोन हनुवट्या नव्हत्या. धाकट्या साडूंची तक्रार अगदी शास्त्रीय होती. उजेड मागून आला की केसांच्या कडेला एक सोनेरी किनार चमकते. फोटोवाले तिच्यासाठी जीव टाकतात, सिनेमातल्या नायिकेला मुद्दाम मागे दिवा ठेवून ती देतात. पण केस नसले की ती किनार सरळ डोक्यावर येते. धाकट्या साडूंच्या टकलावर सुरेख चंद्रकोर उगवली होती. “सहस्रचंद्रदर्शन आईंचं आहे,” त्यांनी लिहिलं होतं, “माझं काढून टाका.”

एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आणि या ग्रुपवर ते पहिल्यांदाच झालं. आईंचा चेहरा नीट दिसत नाही. उत्सवमूर्तीच अंधारात!

मी पुन्हा कामाला लागलो. आता अख्खा फोटो न उचलता नुसता एक चेहरा बोटाने घासून उजळवायची सोय असते. मी आठ रात्री आमच्या सासूबाईंचा चेहरा घासत होतो. एक फिकट करडा गोल वर आला, पण डोळे काही येईनात. नाक तर कुठेच सापडेना.

“आईचं नाक चांगलं धारदार आहे,” बायको म्हणाली. “तुम्हालाच सापडत नसेल.”

शेवटी नवव्या रात्री गोलाच्या खालच्या अंगाला एक बारीक नारिंगी रेघ दिसली. दोन्ही टोकांना किंचित वर गेलेली. ओठ! मी ती रेघ जपून उजळवली, थोडी ठळक केली. बायकोला हाक मारली. ती चष्मा लावून आली, बघत राहिली आणि पदराने डोळे टिपत म्हणाली, “आई हसतेय हो.” तो तुकडा ग्रुपवर गेला. बत्तीस हात जोडलेले आले, सोळा फुलं आली. बेळगावच्या मामेसासऱ्यांनी लिहिलं, ‘तेच निर्मळ हास्य.’

या काळात झोप उडाल्यामुळे मी बरंच वाचन केलं, त्यात गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फ्रेंच माणूस भेटला आणि मन हलकं झालं. १८५६-५७च्या सुमारास हा गृहस्थ समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला निळा उजेड भारी लागायचा, त्यामुळे समुद्र नीट यावा तर आकाश पांढरं, आणि आकाश यावं तर समुद्र काळा. त्याने काय करावं? आकाशाची काच वेगळी काढली, समुद्राची वेगळी काढली आणि कागदावर दोन्हींचा क्षितिजाशी सांधा जुळवला. लोक ते ढग बघून थक्क झाले. आज आपला फोन एचडीआर म्हणून जे करतो ते याच घराण्यातलं. खटका एक दाबायचा, तो आतल्या आत कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेतो आणि त्यांतलं बरं बरं निवडून एकाची गोधडी शिवतो. माणसं तेवढ्या वेळात हलली की शिवण चुकते. भाच्याच्या जुन्या फोनवर त्याच संध्याकाळी काढलेल्या एका फोटोत धाकट्या पोराला तीन हात आहेत. त्याचा स्वभाव बघता यात सुधारणा करावी असं कुणाला वाटलं नाही.

फोटो छापायला मी आमच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि सिझनला राख्या असा त्याचा व्यवसाय आहे. त्याने माझी नऊ रात्रींची कमाई पडद्यावर मोठी केली, थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, “काका, हे व्हॉट्सॲपवरून घेतलंय?”

“हो.”

“मग यात काय उरलंय? पाठवतानाच तो फोटो आक्रसतो. ही खिचडी आहे काका, तीसुद्धा दुसऱ्याच्या ताटातली. खिचडीतून तांदूळ-डाळ परत वेगळी होते का? शिधा आणा, शिधा.”

शिधा म्हणजे रॉ फाइल. नेहमीच्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, आणि अंधाराच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात. उचलायला गेलं की त्याच चार पायऱ्या ताणल्या जातात, म्हणून तो रवा आणि तो गाळ. कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या असतात. तिथे अंधारातही माणसाला बसायला जागा मिळते. साडूंना फोन केला. त्यांच्या कॅमेऱ्यात रॉ चालू होतं, कारण दुकानदाराने घेतानाच चालू करून दिलं होतं. ते काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण कार्ड लवकर भरतं अशी सहा वर्षांची तक्रार होती. संध्याकाळी फाइल आली. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे त्यांना चार वेळा सांगावं लागलं.

स्टुडिओवाल्याचं काम बघण्यासारखं होतं. आधी त्याने रंगाचा तोल बदलला. साडूंचा कॅमेरा तो तोल आपला आपण ठरवतो, आणि त्याला केशरी उजेड म्हणजे काहीतरी आजार वाटतो. तो उपचार करून सूर्यास्ताची ट्यूबलाइट करायच्या बेतात असतो. ढगाळ हवेची खूण निवडली की केशरी परत येतो. मग आकाश वेगळं धरलं, माणसं वेगळी धरली. आकाशाला थोडं दाबलं, माणसांना दीड-दोन स्टॉप उचललं, आणि तिथे थांबला. मी म्हटलं, “अजून थोडं?”

“नको. सूर्य पाठीमागे आहे, चेहरा जरा सावळा दिसणारच. जास्त केलं की मागे पडदा टांगल्यासारखा वाटतो.” मग मान न वळवता म्हणाला, “आणि काका, पुढच्या वेळी सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं थांबा. आभाळाचा मऊ उजेड असतो, चेहरे आणि आकाश जवळजवळ एका पातळीवर येतात. पण तेव्हा सगळे भेळ खायला पळालेले असतात.”

मी भेळेचा विषय टाळला. “सूर्य एवढासाच का दिसतो?” मी विचारलं. “तिथे तर केवढा होता.”

त्याने पट्टी लावून दाखवलं. अकरा माणसं मावावीत म्हणून साडूंनी लेन्स १८ मिलिमीटरवर आणली होती. त्यात सूर्याची थाळी इतकी लहान येते की फोटो बारा इंच रुंद छापला, तर भोवतीचा झगमगाट वगळून सूर्य उरतो दोन मिलिमीटरचा, म्हणजे साबुदाण्याएवढा. एवढ्याशा साबुदाण्याने अकरा माणसं काळी केली होती.

मग तो सासूबाईंकडे वळला. पडद्यावर माझा करडा गोल आता लख्ख दिसत होता. त्याने तो आणखी मोठा केला आणि थांबला. मान तिरकी केली. माझ्याकडे पाहिलं.

“काका, हा चेहरा नाही.”

“म्हणजे?”

“अंबाडा आहे.”

मी खुर्ची पुढे ओढली. पांढऱ्याशुभ्र केसांचा नेटका अंबाडा, त्यात खोचलेले तीन आकडे. आणि खाली, मी नऊ रात्री खपून हसरी केलेली ती नारिंगी रेघ. व्याडेश्वराच्या देवळाबाहेर त्या दिवशी सकाळी हिनेच आईसाठी घेतलेला अबोलीचा गजरा.

“बोला,” स्टुडिओवाला शांतपणे म्हणाला. “गजरा ठेवू, का हसू ठेवू?”

दुकानाबाहेर येऊन मी सासूबाईंना फोन लावला. कानात मशीन होतं, पहिल्याच हाकेला उत्तर आलं. मी विचारलं, “आई, गुहागरच्या फोटोत तुम्ही पाठ करून का बसलात?”

“कुठला फोटो?” त्या म्हणाल्या. “तिथे फोटो कधी काढलात? मला म्हणालात, आई, सूर्यास्त बघायचाय, या स्टुलावर बसा. आधी समोर सगळी माणसंच. मग मी फिरले आणि बघत बसले. छान गेला हो सूर्य.”

“बरं, बरं.”

“आणि शेवटी ती गंमत केवढी! अगदी जाता जाता टोकाला पोपटी झाला. एवढासाच ठिपका, पण हिरवागार, कैरीच्या सालीसारखा. मी तुम्हा सगळ्यांना हाका मारत होते, पण तुमचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. तुम्ही पाहिलात ना?”

मी पाहिला म्हणून सांगितलं. आता हे थोरल्या साडूंना कोणी सांगायचं, यावर आमच्या घरात तीन दिवस खल चालू आहे.